‘ब्लेड रनर 2049’ घरच्या टीव्हीवर: चित्र काळपट का दिसते, आणि घरी पाहण्यात अर्थ आहे का?

मुलुंडकर

विज्ञानपटांचा मी जुना चाहता असलो, तरी डेनी व्हिलेनव्ह यांचा ‘ब्लेड रनर 2049’ 2017 साली चित्रगृहात लागला तेव्हा पाहायचा राहून गेला होता. त्यातील दृश्यांविषयी इतके वाचले आणि ऐकले होते की, घरात 55 इंचांचा फोर-के टीव्ही आल्यावर पहिला चित्रपट म्हणून मोठ्या हौसेने तोच लावला. अनुभव मात्र अपेक्षेच्या बराच अलीकडे थांबला. रात्रीच्या आणि घरातल्या प्रसंगांत चित्र इतके काळपट होते की चेहऱ्यावरचे भाव कळेनात. ज्या नारिंगी धुळीतल्या शहराची छायाचित्रे सगळीकडे पाहिली होती, त्या प्रसंगात आकाशात एकाखाली एक पट्टे उमटलेले दिसत होते. पात्रे चालू लागली की एखादी दैनंदिन मालिका पाहत असल्याचा भास होत होता. आणि वरखाली काळ्या पट्ट्या आल्याने ‘एवढा मोठा टीव्ही घेऊन पाव पडदा रिकामाच’ अशी घरच्यांची टीका झाली. आईला तासाभरात झोप लागली, सौ.ने फोन हातात घेतला आणि मीही सुमारे दोन तासांवर चित्रपट थांबवला.

आमचा हॉल मुंबईतल्या कोणत्याही हॉलसारखाच आहे. सोफा आणि टीव्ही यांच्यात साधारण 10 फूट अंतर आहे, खिडकी रस्त्याकडे आहे, समोरच्या दुकानाची झगझगीत पाटी रात्री उशिरापर्यंत चालू असते आणि पडदे पातळ आहेत. चित्रपट एका ओटीटी सेवेवरून, टीव्हीतल्याच ॲपवर पाहिला.

माझे प्रश्न असे आहेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेमके काय बदलावे? 1982 चा मूळ चित्रपट आधी पाहणे आवश्यक आहे का, आणि असल्यास त्याची कोणती आवृत्ती पाहावी? आणि मुख्य म्हणजे, असा चित्रपट घरी पाहण्यात काही अर्थ आहे का, की तो पुन्हा मोठ्या पडद्यावर लागण्याची वाट पाहावी? शेवट अजून पाहिलेला नाही, त्यामुळे कृपया कथानक फोडू नये.

डीआयवाला

मी अंधेरीतील एका स्टुडिओत डीआयचे, म्हणजे चित्रित झालेल्या चित्रपटाच्या रंगसंस्करणाचे काम करतो, त्यामुळे ‘आमच्या टीव्हीवर काळे दिसते’ हे वाक्य कानांच्या चांगलेच ओळखीचे आहे. तुमच्या तक्रारींपैकी बहुतेक टीव्हीच्या आणि खोलीच्या आहेत. चित्रपटाचा त्यात एवढाच दोष की तो अंधाराच्या फार जवळ जाऊन काम करतो, आणि म्हणूनच टीव्हीची प्रत्येक खोड त्यात उघडी पडते.

सर्वांत सोपी गोष्ट आधी सांगतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो. नवे टीव्ही मात्र दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या हिशेबाने तयार केलेल्या आणखी चौकटी घुसवण्याची सोय चालू ठेवूनच कारखान्यातून बाहेर पडतात. क्रिकेटच्या सामन्यात तिचा फायदा होतो आणि दुकानात दाखवायला ती झकास असते, पण चित्रपटाला त्यामुळेच तुम्ही म्हणता तो मालिकेचा गुळगुळीतपणा येतो. प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे. मेनूत ‘मोशन’ हा शब्द ज्या पर्यायाला चिकटलेला असेल तो बंद करावा. तुमच्या टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडणे उत्तम. 2019 साली टीव्ही कंपन्या आणि चित्रपट निर्मात्यांच्या ‘यूएचडी अलायन्स’ या संघटनेने तो जाहीर केला, आणि त्यात ही सोय, कडा कृत्रिमरीत्या ठळक करणे आणि रंग भडक करणे हे सगळेच एका फटक्यात बंद होते. तो नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ हा पर्याय घ्या. पहिली पंधरा मिनिटे चित्र पिवळट वाटेल; तसेच राहू द्यावे. ‘व्हिविड’ पर्यायातील निळसर पांढरा रंग डोळ्यांच्या अंगवळणी पडल्यामुळे तसे वाटते, प्रत्यक्षात 6500 केल्व्हिनचा पांढरा हाच टीव्हीवरच्या चित्रासाठी प्रमाण मानलेला पांढरा आहे.

आता काळपटपणा. तुम्हाला मिळालेले चित्र बहुधा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक विस्तृत पल्ला असलेले, असावे. साध्या चित्रात टीव्हीला ‘तुझ्या कमाल उजेडाच्या इतक्या प्रमाणात हा ठिपका उजळ’ एवढाच संदेश मिळतो. म्हणून खोलीत उजेड असला की आपण टीव्हीचा उजेड वाढवतो आणि अख्खे चित्र वर उचलले जाते. एचडीआर-10 किंवा डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारांत प्रत्येक ठिपक्याचा उजेड थेट निटमध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती कँडेला, असा नेमून दिलेला असतो. तो आकडा अंधाऱ्या खोलीत बसून ठरवलेला असतो. आम्ही जिथे बसतो तिथे भिंती करड्या रंगाच्या असतात आणि उजेड नावापुरता. समोरच्या दुकानाची पाटी जर तुमच्या पडद्यावर त्याहून अधिक उजेड सांडत असेल, तर चित्रातल्या सावल्यांतला सगळा तपशील त्या उजेडाखाली गाडला जातो आणि उरतो तो फक्त काळा डाग. त्यावर टीव्हीतला ऊर्जाबचतीचा पर्याय आणि खोलीतला उजेड पाहून चित्र मंद करणारा सेन्सर चालू असला, तर उरलेसुरलेही जाते. हे दोन्ही बंद करावेत. हे करूनही सावल्या उघडत नसतील आणि टीव्हीत एचडीआर बंद करण्याची सोय असेल, तर साध्या चित्रात पाहण्यात काहीही कमीपणा नाही. स्वस्त पॅनेलवर तेच चित्र बऱ्याचदा अधिक सुसह्य दिसते.

नारिंगी आकाशातल्या पट्ट्यांचे कारण निराळे आहे. 8 बिटच्या चित्रात लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या 256 पायऱ्या असतात, 10 बिटमध्ये 1024. धुके किंवा धूळ म्हणजे एकाच रंगाचा अगदी हळू उतरत जाणारा उतार. सबंध पडदाभर तो पसरलेला असताना त्याच्या वाट्याला त्या पायऱ्यांतल्या थोड्याच येतात, आणि चित्र दाबून लहान करताना सेवा त्यांतल्याही काही खाऊन टाकते. ओटीटीवर फोर-के चित्र साधारण 15 ते 25 मेगाबिटच्या वेगाने येते, फोर-के डिस्कवर हाच वेग 100 च्या पुढे जाऊ शकतो. गर्दीच्या, तपशिलाने भरलेल्या दृश्यात हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. नितळ धुक्यात तो लपवायला जागाच नसते. म्हणून हे पट्टे पूर्णपणे घालवणे तुमच्या हातात नाही. सेवेच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या योजनेतून पाहणे, टीव्हीला वायफायऐवजी शक्य असल्यास केबल जोडणे आणि रात्री साडेनऊची इंटरनेटची गर्दी टाळणे एवढेच करता येईल.

शेवटचा मुद्दा अंतराचा. 55 इंची पडद्याची रुंदी सुमारे 122 सेंटीमीटर असते. 10 फुटांवरून तो तुमच्या नजरेचा जेमतेम 23 अंशांचा भाग व्यापतो. चित्रपटासाठी किमान 30 अंश असावेत असा संकेत आहे, आणि त्यासाठी साडेसात फुटांवर यावे लागेल. 40 अंश हवे असतील तर साडेपाच फुटांवर. सोफा हलवणे शक्य नसेल तर त्या रात्रीपुरत्या खुर्च्या पुढे ओढा. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडेल तो नवा टीव्ही घेऊनही पडणार नाही.

बोरिवलीतून

पडद्यांबाबत थोडेसे. मंगलदास मार्केटमध्ये मागच्या बाजूला जाड अस्तर असलेले, उजेड अडवणारे कापड मीटरवर मिळते. रस्त्याकडच्या एका खिडकीपुरते शिवून घेतले तर खर्च फार येत नाही. काळोखात डोळे दुखत असतील तर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा लावावा. पिवळा लावू नये, चित्र निळे वाटू लागते.

वास्तव_दादर

तांत्रिक बाजू डीआयवाल्यांनी समजावली आहेच, म्हणून काळ्या पट्ट्या आणि जुना चित्रपट या दोन गोष्टींविषयी लिहितो.

टीव्हीच्या पडद्याची रुंदी उंचीच्या 1.78 पट असते आणि या चित्रपटाची चौकट 2.39 पट रुंद आहे. त्यामुळे पडद्याच्या उंचीचा जवळजवळ पाव भाग रिकामा राहणारच. ‘झूम’ करून तो भरण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास उजव्या-डाव्या बाजूचा तेवढाच भाग आपण कापून टाकतो. या चित्रपटाचे छायालेखक रॉजर डीकिन्स माणसाला चौकटीच्या एका कडेला, लहानसा उभा करतात आणि उरलेली सगळी जागा धुक्याला, भिंतीला किंवा रिकाम्या जमिनीला देतात. ती रिकामी जागा कापली, की उरतो तो कोणत्याही चित्रपटातला चालणारा माणूस. आयमॅक्ससाठी अधिक उंच चौकटीची आवृत्ती निघाली होती, तरी डीकिन्स यांनी स्वतः द्विमितीय रुंद आवृत्तीलाच पसंती दिली होती. 13 वेळा नामांकन मिळूनही हुकलेले ऑस्कर त्यांना चौदाव्या नामांकनात, 2018 साली, याच चित्रपटासाठी मिळाले.

नारिंगी शहराच्या प्रसंगाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2009 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहर धुळीच्या वादळाने एका सकाळपुरते संपूर्ण नारिंगी झाले होते, आणि त्या वेळची छायाचित्रे या प्रसंगाच्या कल्पनेमागे होती. म्हणजे जे दृश्य आपल्याला परग्रहावरचे वाटते, ते याच पृथ्वीवर कोणीतरी बाल्कनीतून पाहिलेले आहे. संगणकावरच सगळे तयार केले असेल असे समजून अनेक जण हा चित्रपट पाहतात. प्रत्यक्षात बुडापेस्टमधील स्टुडिओंत मोठमोठे सेट उभारले होते आणि शहराच्या इमारतींसाठी लहान आकाराच्या प्रतिकृती बनवल्या होत्या. उद्योगपतीच्या दालनातला, पाण्यावरून परावर्तित झाल्यासारखा भिंतींवर हलणारा उजेडही सेटवरच दिव्यांच्या खेळातून निर्माण केलेला आहे. तुमच्या टीव्हीवर त्या भिंती काळ्या ठिक्कर दिसल्या असतील, तर तो प्रसंग तुम्ही अजून पाहिलाच नाही असे समजावे.

1982 चा रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ आधी पाहावा का? कथा कळण्यासाठी तसे अडत नाही, परंतु नव्या चित्रपटातल्या एका पात्राच्या प्रवेशाला जे वजन आहे ते जुना पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यामुळे माझे उत्तर ‘होय’ असे आहे. आवृत्तींचा घोळ मात्र मोठा आहे. 1982 साली निर्मात्यांच्या आग्रहाने नायकाच्या आवाजातले निवेदन आणि एक गोड शेवट जोडण्यात आला. त्या शेवटातली हवाई दृश्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित झालेल्या आणि न वापरलेल्या फिल्ममधून घेतलेली होती. 1992 च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट काढून टाकला गेला. 2007 ची ‘फायनल कट’ ही एकच आवृत्ती पूर्णपणे स्कॉट यांच्या ताब्यात होती आणि तिच्यासाठी मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करण्यात आली. विशेष दृश्यांचे भाग 65 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेले असल्याने उडत्या गाड्यांची आणि शहराची दृश्ये आजही आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ दिसतात. तुम्ही ‘फायनल कट’ पाहावी. ती दोन तासांच्या आतली आहे, त्यामुळे आईंनाही चालेल.

त्या चित्रपटातला सततचा पाऊस, रात्र आणि धूर यांची ख्याती फार झाली, पण त्यांच्यामागे एक व्यवहारी कारणही होते: रस्त्यांचे चित्रीकरण कॅलिफोर्नियातील बरबँकच्या स्टुडिओतल्या, अनेक चित्रपटांत वापरून झालेल्या रस्त्यावर झाले होते आणि त्याचे जुनेपण झाकणे भाग होते. अडचणीतून निघालेला तो धूर पुढे चाळीस वर्षे जगभरच्या विज्ञानपटांनी, काहींनी कारण नसतानाही, सोडला आहे.

घरी पाहण्यात अर्थ आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर काहीसे जुन्या वळणाचे आहे. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था 1968 पासून या शहरात जे करत आल्या, त्यात चित्रपट अंधारात, न थांबता, इतरांबरोबर पाहणे हे गृहीत होते. या चित्रपटाला थांबणे विशेष सोसत नाही, कारण त्याचा संथपणा साठत जाणारा आहे. दर पंधरा मिनिटांनी दाराची घंटा वाजली तर तो संथ न राहता नुसता लांबट होतो. मोठ्या पडद्यावर पुन्हा लागलाच तर जरूर जा. पण केवळ त्या भरवशावर थांबू नका.

लालबागची_वाचक

वरील उत्तरांनी टीव्ही सुधारेल यात शंका नाही, पण मुलुंडकरांच्या मातोश्रींना झोप का आली, याचे सगळे खापर टीव्हीच्या सेटिंगवर फोडणे मला पटत नाही. थोडा दोष या चित्रपटाच्या सौंदर्याचाही आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही म्हणून लिहिते.

1982 चा चित्रपट भयाण भविष्य दाखवतो असे म्हणतात. त्यात अखंड पाऊस आहे, छत्र्यांची गर्दी आहे, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पाट्या आहेत, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर उभ्या-बसल्या जेवणारी माणसे आहेत. जुलै महिन्यात संध्याकाळी सात वाजता दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरणाऱ्या माणसाला यात नरक कुठे दिसणार? त्याला तर तिथे ओळखीचेच वाटेल. त्या रस्त्यावर निदान माणसे आहेत, ती भांडतात, विकतात, खातात. 2049 मध्ये रस्ता बहुतेक वेळा वरून, उडत्या गाडीच्या काचेतून दिसतो, आणि जमिनीवर उतरल्यावरही प्रत्येक चौकट भिंतीवर लावण्याजोगी.

सर्वांत अस्वस्थ मला केले ते सॅन डिएगोच्या प्रसंगाने. (मुलुंडकरांनी तो पाहिलेला आहे, तेव्हा यात कथानक फुटत नाही.) सबंध शहराचा उकिरडा झालेला आहे, जहाजांचे सांगाडे पडलेले आहेत आणि लहान मुले जुन्या यंत्रांतून धातू काढत बसलेली आहेत. 2049 सालचे भविष्य म्हणून दाखवलेल्या या कामातले बरेचसे आपल्याकडे वर्तमानात चालते. रे रोड स्थानकाजवळच्या दारूखान्यात जहाजे तोडली जातात आणि धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये सबंध शहराचे प्लास्टिक व भंगार वेगळे केले जाते. पूर्व मुक्त मार्गावरून चेंबूरकडे जाताना बंदराच्या बाजूच्या त्या वस्त्या आणि गोदामे आपण वातानुकूलित गाडीच्या काचेतून, उंचावरून पाहतो, आणि तशीच नजर या चित्रपटाची आहे. दुःख आहे, पण ते इतक्या सुंदर उजेडात आहे की त्याची लाज वाटेनाशी होते. स्त्रियांच्या प्रचंड, नग्न जाहिरात-प्रतिमांबाबतही हीच तक्रार चित्रपट आला तेव्हा अनेक समीक्षकांनी केली होती: चित्रपट त्यांच्यावर टीका करतो की त्यांचा आस्वाद घेतो, हे ठरवणे कठीण जाते.

म्हणून मी उलट सल्ला देईन. मोठ्या पडद्यावर या चित्रपटाचा आकार आणि आवाज इतका अंगावर येतो की विचार करायला उसंत मिळत नाही. घरी तो जरा लहान होतो आणि ते बरेच होते. थांबवता येतो, मागे नेता येतो, ‘हे मला सुंदर का वाटते आहे’ असे शेजारी बसलेल्या माणसाला विचारता येते. आणि डीआयवाले, खरे सांगायचे तर आमच्या दोन खोल्यांच्या घरात संपूर्ण अंधार करणे म्हणजे सासूबाईंची जपमाळ, मुलाचा अभ्यास आणि उद्याच्या डब्याची तयारी या तिन्हींना सुट्टी देणे. स्वयंपाकघरातला दिवा चालू राहणारच. त्या उजेडात जेवढा दिसेल तेवढाच आमचा चित्रपट.

वास्तव_दादर

लालबागची_वाचक, मुक्त मार्गावरच्या काचेची तुमची उपमा इतकी नेमकी आहे की तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिचाच आधार घेतो. ही काच दिग्दर्शकाच्या नकळत आलेली नाही. चित्रपट पुन्हा पाहताना लक्ष ठेवा: नायक आणि त्याला हवी असलेली प्रत्येक गोष्ट यांच्यामध्ये काही ना काही पारदर्शक आहे. गाडीची काच आहे, पावसाचा पडदा आहे, प्रकाशाची बनलेली आणि स्पर्श न होणारी सोबतीण आहे, आणि कृत्रिम आठवणी घडवणारी ती तरुणी तर काचेच्या खोलीतच राहते. ज्याला जगाला हात लावता येत नाही अशा माणसाच्या नजरेने हे शहर आपल्याला दाखवलेले आहे, म्हणून ते रिकामे आणि म्हणूनच ते सुंदर. जुन्या चित्रपटाचा नायक गर्दीत बसून नूडल्स खात होता, याला जेवणदेखील घरी एकट्याने, खोट्या ताटाकडे पाहत घ्यावे लागते.

एवढे मान्य करूनही सॅन डिएगोच्या प्रसंगाबाबत तुमचा आक्षेप शिल्लक राहतो. ती मुले पुढे चित्रपटाच्या नजरेतून निसटतात. नायक तिथून निघाला की कॅमेराही त्याच्यामागे निघून जातो. याचे समर्थन मला करता येत नाही.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. मोशनचा पर्याय, ऊर्जाबचत आणि सेन्सर ही तिन्ही बंद केली, ‘फिल्ममेकर मोड’ लावला आणि खिडकीवर तात्पुरती जाड चादर टांगली. पहिला अर्धा तास आणि पुढचे काही प्रसंग पुन्हा पाहिले. सुरुवातीच्या शेतघराच्या प्रसंगात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली भांडी आता दिसतात, आणि उद्योगपतीच्या दालनाच्या भिंतींवर खरोखरच पाण्याचा उजेड हलतो. नारिंगी प्रसंगातले पट्टे कमी झाले, गेले नाहीत. खुर्च्या पुढे ओढल्यावर काळ्या पट्ट्यांबद्दल घरात कोणी पुन्हा काही बोलले नाही. सौ.ने लालबागच्या ताईंचे उत्तर वाचले आणि आता तिला सॅन डिएगोचा प्रसंग पुन्हा पाहायचा आहे.

दोन शंका उरतात. संवाद इतके हळू आहेत की आवाज वाढवावा लागतो, आणि मग अचानक एखादा गडगडाट झाला की शेजारची भिंत हादरते. आई आतल्या खोलीत झोपलेली असते. साउंडबार नाही, टीव्हीचाच आवाज आहे. दुसरे असे की, पावणेतीन तासांच्या आसपासचा हा चित्रपट कामाच्या दिवशी एका बैठकीत पाहणे आम्हाला शक्य नाही. दोन भागांत पाहायचा झाल्यास कुठे थांबावे?

डीआयवाला

आवाजाचे गणित असे आहे. चित्रगृहासाठी केलेल्या ध्वनिमिश्रणात संवाद आणि सर्वांत मोठा आवाज यांत मुद्दाम खूप अंतर ठेवलेले असते, आणि हान्स झिमर व बेंजामिन वॉलफिश यांचे या चित्रपटाचे संगीत तर बरेचसे अगदी खालच्या, छातीत घुमणाऱ्या स्वरांत आहे. ‘5.1’ ध्वनीत, म्हणजे पाच मुख्य वाहिन्या आणि खालच्या स्वरांची एक अशा रचनेत, संवाद मधल्या वाहिनीवर असतात; तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाही, तेव्हा तो भाग डाव्या-उजव्यात मिसळताना दबतो. ॲपच्या ध्वनी पर्यायात ‘5.1’ ऐवजी ‘स्टिरिओ’ निवडून पाहा. अनेकदा संवाद तेवढ्यानेच वर येतात. टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा आवाजाची पातळी समान ठेवणारा पर्याय असेल तर तो गडगडाट आवरेल, मात्र संगीताचा दमही काढून घेईल. दोघेच पाहणार असाल तर हेडफोन हा सर्वांत चांगला उपाय, पण ब्लूटूथचे घेतल्यास ओठांच्या हालचालीशी आवाज जुळतो का ते आधी तपासा; न जुळल्यास ध्वनी मागे-पुढे करण्याची सोय बहुतेक टीव्हींत असते. इंग्रजी उपशीर्षके लावण्यात संकोच नसावा, फक्त त्यांचा रंग पांढऱ्याऐवजी करडा करून घ्या, नाहीतर काळोख्या प्रसंगात नजर सारखी त्या अक्षरांकडेच जाईल.

थांबण्याविषयी म्हणाल, तर आपल्याकडे परदेशी चित्रपटांना चित्रगृहे मध्यंतर स्वतःच्या सोयीने, बऱ्याचदा प्रसंगाच्या ऐन मध्यावर देतात. घरी निदान तो निर्णय आपला असतो. दीड तास उलटून गेल्यावर नायक शहर सोडून नारिंगी धुळीच्या प्रदेशाकडे निघतो. तो निघण्याच्या आधी थांबा. दुसऱ्या रात्री थेट त्या धुळीपासून सुरुवात करा, आणि चित्रपट लावण्यापूर्वी दहा मिनिटे हॉलमधले दिवे मालवून बसा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. जुन्या चित्रपटाची ‘फायनल कट’ मात्र या दोन रात्रींच्या मध्ये घुसवू नका; ती आधीच्या शनिवारी उरकून घ्या.